रिकामी गाडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘हिवाळ्यावर काहीतरी बोला’ असा निरोप आला, तेव्हा बोलावणाऱ्यांच्या मनात बहुधा धुकं, हुरडा, शेकोटी आणि जोडीला माझ्या दोन-चार कविता असाव्यात. मी म्हटलं, “पिकअपवर बोलतो.” फोनवर क्षणभर शांतता. मग विचारणा झाली, “पिकअप म्हणजे ती गाडी?” म्हटलं, “हो, तीच. मागं हौदा असलेली. हिवाळ्यात ती कशी घसरते, कशी रुतते आणि कशी बाहेर निघते, त्यावर.” त्यांनी होकार दिला. कवितेपेक्षा गाडी बरी, असं त्यांना वाटलं असेल तर मी राग मानणार नाही.

आमचं घर मोटारीचं. अब्बा लहान वयात ट्रकवर क्लीनर म्हणून चढले, पुढं ड्रायव्हर झाले आणि डोळे अधू झाल्यावर त्यांनी नगरला रस्त्याकडेला छोटं गॅरेज टाकलं. धाकटा भाऊ त्या गॅरेजात रमला. मी कॉलेजात गेलो, मराठी घेऊन बी.ए. झालो आणि एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या लिहायला लागलो. म्हणजे फिरून गाडीपाशीच आलो. घरात आम्ही दखनी बोलतो, कविता मी मराठीत लिहितो, आणि गाडीची भाषा म्हणाल तर ती अब्बांकडून कानावर पडलेली. हात मात्र माझे कोरेच राहिले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं त्याचा संबंध येणार आहे.

आज नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच येतं) वस्तीवस्तीवर पिकअप दिसते. कांदा, दूध, डाळिंब, शेळ्या, मंडपाचे बांबू, आणि कायदा काहीही म्हणो, लग्नाचं वऱ्हाडसुद्धा तिच्यातूनच जातं. हिची बांधणी नीट पाहिली पाहिजे. इंजिन पुढं, ड्रायव्हर पुढं. त्यामुळं रिकाम्या गाडीचं बरंचसं वजन पुढच्या चाकांवर. ताकद मात्र मागच्या चाकांना. पुढची चाकं दिशा दाखवतात, मागची ढकलतात. दीड टनाच्या आसपास माल वाहायला ही गाडी बनवलेली. मागचे पाटे त्या हिशेबाचे, टायर त्या हिशेबाचे. माल असला की पाटे दबतात आणि मागची चाकं रस्ता धरतात. माल उतरला की हौदा हलका होतो आणि तीच चाकं खड्ड्याखड्ड्याला उडत चालतात. म्हणून जी गाडी भरलेली असताना घाट चढून येते, ती रिकामी असताना ओल्या पाणंदीत जागच्या जागी चाक फिरवत बसते. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. ओझं कमी तर गाडी सुटी, असा आपला समज. पण गाडी इंजिन चालवत नाही, इंजिन फक्त चाक फिरवतं. गाडी चालते ती चाक आणि जमीन यांच्या पकडीवर, आणि ही पकड चाकावर किती भार आहे त्यावर ठरते.

अब्बा नगर-कल्याण करायचे. माळशेज घाट त्यांच्या पायाखालचा, म्हणजे चाकाखालचा. पावसाळ्यात कल्याणहून परतीचं भाडं मिळालं नाही की ते रिकामे निघत नसत. पडत्या भावात विटा भरून घेत. मालक कुरकुरायचा, “विटांना नगरात कोण विचारतंय?” अब्बांचं उत्तर ठरलेलं, “शेठ, भाडं नको, वजन पाहिजे.” आमच्या घराची मागची भिंत त्या विटांची आहे.

त्यांनी ही गोष्ट शिकली कुठं? मला वाटतं, बैलगाडीवरून. आजोबांची बैलगाडी होती. आपल्या भाषेत त्यासाठी दोन नेमके शब्द आहेत. माल पुढं जास्त झाला आणि बैलांच्या मानेवर भार आला, तर गाडी धुरजड. मागं जास्त झाला आणि जू वर उचललं जायला लागलं, तर गाडी उलाळ. गाडीवान माल भरताना एकदा धुरेला हात लावून बघायचा आणि एखादं पोतं पुढं-मागं करायचा. वजन किती यापेक्षा ते आखाच्या कुठल्या बाजूला, हे त्याला महत्त्वाचं. हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढं थेट कॅनडात त्यांचा उपयोग झाला.

आता हिवाळ्याकडे येतो. आपल्याकडे हिवाळा कोरडा, असं शाळेत शिकवलं जातं. पण गेल्या काही वर्षांचा अनुभव वेगळा आहे. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत थंडीत अवकाळी पाऊस कोसळला आणि नगर, पुणे, नाशिक या जिल्ह्यांत हजारावर शेळ्या-मेंढ्या गारठून मेल्या. उघड्यावर वाडा बसवणाऱ्या मेंढपाळांचं वर्षाचं सगळंच गेलं. आणि २६ नोव्हेंबर २०२३, रविवार. त्या दिवशी नाशिक, नगर, पुणे या जिल्ह्यांच्या पट्ट्यात गारपीट झाली. आपल्याकडे पारनेर तालुक्याला तिचा मोठा तडाखा बसला. शेतं, रस्ते पांढरे झाले. दुसऱ्या दिवशी लोक म्हणत होते, काश्मीर झालं. ज्यांचा कांदा शेतात होता ते असं म्हणत नव्हते.

माझी थोरली बहीण, आमची आपा, पारनेर तालुक्यातच दिलेली. गावापासून दूर, शेतातल्या वस्तीवर राहते. त्या संध्याकाळी तिच्या थोरल्या मुलाचा फोन आला. “मामू, अम्मीला दम लागलाय. झोपवलं की गुदमरते, बसवलं की थोडं बरं वाटतं. मोटारसायकलवर नेता येत नाही आणि रस्ता सगळा चिखल झालाय.” त्याचा ट्रॅक्टर दुरुस्तीला गेलेला. दुसरा जवळचा ट्रॅक्टर ओढ्यापलीकडे, आणि ओढ्याला पाणी. धाकट्या भावाचा मुलगा पिकअप चालवतो. त्याला म्हटलं, “चल.” तो म्हणाला, “चाचा, गाडी आत्ताच खाली केलीय.” मी म्हटलं, “बरंच झालं, हलकी आहे, लवकर पोचू.”

अब्बांचा मुलगा हे वाक्य बोलला. विटांच्या भिंतीला टेकून वाढलेला मुलगा.

डांबरी रस्ता सुटला तेव्हा अंधार पडला होता. पुढं वस्तीपर्यंत किलोमीटरभर काळ्या मातीची पाणंद. दिव्यांच्या उजेडात दोन्ही कडेला गारांचे थर, मधे चाकोरीत पाणी. आपली काळी माती वाळली की फुटते आणि भिजली की फुगते. तिच्यातल्या चिकणमातीच्या कणांत पाणी शिरून ती फुगते, चिकट होते आणि चाकाला धरते. टायरची नक्षी कशासाठी असते? चिखल, पाणी बाजूला सारून रबराच्या कडा जमिनीत रुतवण्यासाठी. ही माती त्या खाचा भरून टाकते. दहा-वीस फेऱ्यांत नवं टायरही गुळगुळीत होतं. मग टायर फिरतच नाही म्हणा ना, मातीचा गोळा मातीवर फिरत असतो. त्यात वर गारांचा थर, खाली त्यांचं वितळलेलं पाणी.

वस्तीचा दिवा समोर दिसत होता. दोनशे पावलं राहिली असतील. गाडी उजवीकडे सरकली, मागचं उजवं चाक चाकोरीबाहेर गेलं आणि फिरायला लागलं. पुतण्यानं पाय काढला. तो शहाणा आहे. मी शेजारी बसून ओरडलो, “रेस दे, रेस दे!” त्यानं रेस दिली. चाक गरगरलं, चिखल मागं उडाला आणि गाडी वीतभर खाली बसली. “अजून दे!” आणखी वीतभर. आख मातीला टेकला, तेव्हा मी गप्प झालो. चाक फिरतंय म्हणजे काहीतरी होतंय, असं घाबरलेल्या माणसाला वाटतं. होत असतं ते इतकंच, की चाक स्वतःचा खड्डा खणत असतं.

खाली उतरून बघितलं तर डावं चाक स्थिर, उजवं तेवढं फिरतंय. ही डिफरन्शियलची करामत. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी ती दाताळ चक्रांची पेटी आखात मधोमध असते. रस्त्यावर ती सोय, चिखलात ती गैरसोय. कारण एक चाक पकड नसलेल्या जागी गेलं की ते फुकट फिरतं आणि ज्याला पकड आहे त्यालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. ट्रॅक्टरला यावर इलाज असतो. डिफरन्शियल लॉकचं पायडल दाबलं की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. शिवाय डाव्या-उजव्या चाकाला वेगळे ब्रेक, त्यामुळं फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक दाबून जोर दुसऱ्याकडे वळवता येतो. साध्या पिकअपला यातलं काही नसतं. पुतण्यानं हँडब्रेक अर्धा ओढून बघितला, तो मागच्याच चाकांना लागतो. डावं चाक जरा हललं. पण आख टेकल्यावर त्याचा काय उपयोग?

भाचा आणि वस्तीवरची माणसं बॅटऱ्या घेऊन आली. सहा-सात जणांनी ढकललं. पाय आमचेच घसरायचे, गाडी कुठली हलते! तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरचे आबा आले. वय सत्तरीच्या पुढं, डोक्यावर पोत्याची खोळ. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, रिकाम्या हौद्यात बॅटरी फिरवली आणि म्हणाले, “पाव्हणं, रिकाम्या गाडीला जोर नसतो. माल टाका.” मी म्हटलं, “माल कुठला आणायचा?” ते म्हणाले, “माझा कांदा हाय की. गोण्या भरून ठिवल्या होत्या, उद्या बाजारला जायच्या. भिजल्यात. तशा बी गेल्यातच.”

बारा गोण्या. गोणी पन्नास किलोची म्हटली तरी सहाशे किलो, आणि वर भिजलेल्या. माणसांनी त्या चिखलातून दोनशे पावलं पाठीवर आणल्या. मीही एक उचलायला गेलो, दोघांनी मिळून आणली. आबा हौद्याच्या कडेला उभे राहून सांगत होते, “पार मागं नगं, चाकाच्या वर. दोन्ही अंगाला सारख्या.” त्या आधी फावड्यानं चाकापुढची माती उकरली, आखाखालची काढली. शेजारच्या उसाचं पाचट होतं, ते चाकापुढं पसरलं. त्यावर दोन रिकामी बारदानं. मागच्या चाकाला दगडाची उटी. पुतण्यानं मागच्या दोन्ही टायरची हवा काढली, निम्म्यापर्यंत.

इथं जरा थांबून या हवेचं सांगतो. नगरला आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. संरक्षण खात्यासाठी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्थाही इथलीच. शाळेच्या सहली संग्रहालयात जातात, मुलं तोफेच्या नळीकडे बघतात. बघायचा तो खालचा पट्टा. टी-७२ रणगाडा चाळीस टनांच्या वर भरतो आणि जिथं जीप रुतते तिथून तो निघून जातो. कारण त्याचं सगळं वजन त्या दोन रुंद पट्ट्यांवर पसरलेलं असतं. दर चौरस सेंटिमीटरला किलोभराहून कमी दाब. मोटारीच्या टायरखाली तो साधारण दोन किलो असतो, भरलेल्या ट्रकच्या टायरखाली त्याच्या तिप्पट. टायरमधली हवा कमी केली की टायर पसरतं, जमिनीला जास्त टेकतं. म्हणजे आपण आपला छोटासा रणगाडा करतो. पण हे चिखलापुरतं आणि वाळूपुरतं. तशीच गाडी डांबरीवर पळवली तर टायर तापून फुटायचं, माल असेल तर आणखी लवकर. म्हणून हवा काढणाऱ्याजवळ हवा भरायचं साधन पाहिजे. पुतण्याच्या सीटखाली पायानं मारायचा पंप होता.

मग पुतण्यानं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. पहिल्यात चाकाला जोर जास्त मिळतो आणि ते लगेच फिरायला लागतं. दुसऱ्यात ते सावकाश ओढतं. रेस अगदी थोडी. क्लच मुंगीच्या चालीनं. गाडी वीतभर पुढं, परत मागं, परत पुढं. तिसऱ्या झोक्याला चाकानं बारदान धरलं, मग पाचट धरलं आणि गाडी बाहेर आली. कोणी आनंदानं ओरडलं वगैरे नाही. सगळे तिच्या मागं चालत वस्तीवर आले.

आपाला खुर्चीवर बसवूनच आणलं. ओठ निळसर दिसत होते. केबिनमध्ये मधे ती, एका बाजूला पुतण्या, दुसऱ्या बाजूला मी. भाचा मागं गोण्यांवर बसला. पाणंद ओलांडून डांबरीवर आलो, पंप मारून हवा भरली. त्यात दहा-बारा मिनिटं गेली. आपाचा श्वास मोजत मी तिथं उभा होतो. वाटलं, राहू दे, निघू. पुतण्यानं ऐकलं नाही. बरं केलं.

आता मला वाटत होतं, सुटलो. गाडीत वजन आहे, पकड आहे, मार वेगात. पण वजनाचा हिशेब चालताना एक असतो आणि थांबताना दुसरा. चालताना ढकलतात ती मागचीच चाकं, म्हणून त्यांच्यावर टाकलेला भार बराचसा फायद्यात पडतो. थांबताना चारही चाकं काम करतात. भार वाढला की पकड वाढते खरी, पण जो थांबवायचा तो भारही तेवढाच वाढलेला असतो. नफा शून्य. उतारावर तर तोटाच. आणि रस्ता निसरडा असला की काय होतं, ते साध्या आकड्यांत सांगतो. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या डांबरीवर ब्रेक लागल्यापासून ९-१० मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला ३० मीटर लागतात, गुळगुळीत बर्फावर ६० च्या पुढं. यात डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलं नाही.

एका उतारावर बाभळीची फांदी आडवी पडली होती. रस्त्यावर गारांचा लगदा. पुतण्यानं ब्रेक दाबला, चाकं अडकली आणि गाडी तशीच सरळ घसरत निघाली. अशा वेळी अब्बा सांगायचे, ब्रेक सोडायचा आणि परत दाबायचा, परत सोडायचा. चाक फिरत असेल तरच ते वळतं. या वेळी मी ओरडलो नाही. त्याला ते माहीत होतं. फांदीच्या हातभर अलीकडे गाडी थांबली. पुढचा सगळा रस्ता आम्ही पंचवीस-तीसच्या वेगानं आलो. दवाखान्यात पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. हृदय कमजोर, फुफ्फुसांत पाणी साचलंय, असं डॉक्टर म्हणाले. आठ दिवस ठेवून घेतलं.

आपाचा धाकटा मुलगा कॅनडात, कॅलगरीला आहे. त्याला रात्रीच फोन केला होता, तिथं तेव्हा सकाळ. अम्मी औषधानं जरा झोपली, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून मी त्याला गोण्यांची हकीकत सांगितली. तो हसला आणि मग गप्प झाला. म्हणाला, “मामू, मी हेच केलं होतं, पण चुकीचं केलं.”

त्यानं तिथं एक जुनी, मोठी पिकअप घेतलेली. तिकडे नोव्हेंबरपासून बर्फ. दुकानांत लांबट पिशव्यांतून वाळू विकायला असते, एक-एक पिशवी सत्तावीस किलोची. लोक ती हिवाळाभर हौद्यात ठेवतात. यानं आठ पिशव्या घेतल्या आणि उतरवायला सोप्या म्हणून पार मागं, फाळक्याला टेकवून ठेवल्या. बांधल्या नाहीत. एका वळणावर पुढची चाकं वळली, गाडी वळली नाही, सरळ खड्ड्यात. लागलं नाही, पण पिशव्या हौदाभर झाल्या. मी म्हटलं, “अरे, गाडी उलाळ झाली तुझी.” त्याला शब्द माहीत नव्हता. समजावून सांगितला. मागं टोकाला वजन टाकलं की आखाच्या अलीकडचं टोक उचललं जातं, म्हणजे पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, आणि दिशा तर तीच देतात. बैल असते तर त्यांनी मान वर करून सांगितलं असतं. आता तो पिशव्या आखाच्या वर, आडव्या लाकडात अडकवून, पट्ट्यानं आवळून ठेवतो. कारण जोराचा ब्रेक लागला तर सुटी पिशवी केबिनकडे येते. गाडी रुतली तर त्यातलीच एक फोडून वाळू चाकाखाली टाकता येते, हा वरचा फायदा.

त्याच्याकडून मलाही दोन-तीन गोष्टी कळल्या. एक म्हणजे थंडीत रबर कडक होतं. पारा सातच्या खाली गेला की आपल्यासारखे उन्हाळी टायर ताठरतात आणि रस्ता सोडतात. हिवाळी टायरचं रबर वेगळं, गारठ्यातही मऊ राहणारं, आणि नक्षीत बारीक चिरा. तिकडच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर कायद्यानं सक्तीचे आहेत. तेही चारही चाकांना. नुसते मागच्या दोनांना बसवले तर पुढची चाकं घसरतात. तो म्हणतो, वाळूच्या आधी टायरला पैसे घाला. दुसरं, थंडीनं हवा आकसते. दहा अंश उतरले की टायरमधली हवा दीड-दोन पौंड उतरते, म्हणून गारठ्यात ती पुन्हा तपासायची. तिसरं, चारही चाकांना ताकद असलेली गाडी बर्फातून निघते लवकर, थांबायला मात्र तिला इतरांइतकंच अंतर लागतं. खड्ड्यात गेलेल्या गाड्यांत अशा बऱ्याच दिसतात, असं तो सांगतो. आणि एक जिवाची गोष्ट. बर्फात गाडी अडकली आणि ऊब म्हणून इंजिन चालू ठेवायचं असेल, तर आधी सायलेन्सरचं तोंड बर्फातून मोकळं करायचं. नाहीतर विषारी धूर गाडीतच भरतो आणि माणूस झोपेतच जातो.

आपल्याकडची मंडळी हल्ली बर्फ बघायला मनालीला जातात, काही जण स्वतःची गाडी घेऊन. बर्फ पडला की तिथले पोलीस चारही चाकांना ताकद असलेल्या किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच वर सोडतात. आपल्या जिल्ह्यातून फौजेत गेलेल्यांनी लडाखच्या रस्त्यांवर लष्करी गाड्यांच्या चाकांना त्या साखळ्या गुंडाळलेल्या पाहिल्या असतील. साखळी बर्फाला चावते, म्हणून पकड मिळते. पण ती ज्या चाकांना ताकद आहे त्यांना लावायची, वेग बैलगाडीच्या जरा पुढं ठेवायचा आणि उघडी डांबरी लागली की काढायची. पर्यटकाला वाटतं, साखळी लावली म्हणजे आता भीती नाही. मलाही हौद्यात गोण्या आल्यावर तसंच वाटलं होतं.

त्या बारा गोण्यांचं राहिलं. दवाखान्यातून मध्यरात्री घरी आलो आणि त्या अंगणात उतरवल्या. सकाळी भावजयीनं कांदा गच्चीवर पसरला. गारांचा मार बसलेला, वरून भिजलेला; निम्मा सडला, उरलेला आम्ही आणि शेजाऱ्यांनी खाल्ला. आपा घरी परतली तेव्हा तिला सोडायला मी गेलो. मधल्या दिवसांत, ८ डिसेंबरपासून, कांद्याची निर्यात बंद झाली होती आणि भाव खाली आला होता. मी गारपिटीच्या आदल्या दिवशीच्या भावानं बारा गोण्यांचा हिशेब करून पैसे पाकिटात घातले आणि आबांच्या वस्तीवर गेलो. ते बांधावर बसले होते. पाकिटाकडे त्यांनी बघितलं, पण हात पुढं केला नाही. म्हणाले, “पाव्हणं, त्यो माल कुठं व्हता? वजन व्हतं. वजनाचं कोण पैसं घेतंय?” मी फार आग्रह केला. शेवटी म्हणाले, “बारदान तेवढं माघारी द्या. उन्हाळी कांद्याला लागंल.”

बारदान मी आणलंच होतं. चाकाखाली घातलेले दोन धरून चौदा. त्यांनी एकेक झटकून, मोजून घडी घातली. चाकाखालचे दोन फाटले होते. ते त्यांनी उजेडाकडे धरून बघितले आणि बाजूला ठेवले. म्हणाले, “शिवून हुत्याल.”